पिसातला युद्धविराम

युद्ध संपल्याचं जाहीर झालं ते राखीपौर्णिमेच्या संध्याकाळी. ते संपलेलं नाही, असं सावरखेडात पहिल्यांदा म्हटलं गेलं तेही त्याच संध्याकाळी, टीव्हीवरचं भाषण अजून चालू असताना. म्हणणारा कोण होता हे आता कुणी कबूल करत नाही, पण मी आवाज ओळखला होता. सातवीत दोनदा नापास केलेल्या पोराचा आवाज मास्तर विसरत नाही.

मी इथल्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. गावाला वाटतं, सरांना सगळं ठाऊक असतं. मला वाटतं, गावाला काहीच ठाऊक नसतं. त्यामुळे आमचं एकमेकांशी बरं चाललेलं आहे.

सावरखेडात घराआड एक जवान, आणि त्यामुळे आमची एक रीत आहे. घरातला माणूस लढाईवर असेल तर त्या घरात पुरण शिजत नाही. सण असो की लग्न, पिठलं-भाकरी. लढाई संपली की त्याच दिवशी सगळं गाव पुरणपोळ्या करतं. उत्तरेकडच्या सरोवरांवरून पेटलेल्या या युद्धात गावाने दोन वर्षं पिठलं खाल्लं होतं. त्या संध्याकाळी अर्ध्या घरांतून वेलदोड्याचा वास आला आणि अर्ध्या घरांतून बेसनाचा. दुसऱ्या दिवसापासून गावात दोन जाती झाल्या: पुरणवाले आणि पिठलंवाले.

हे भांडण पुराव्याने मिटायला हवं होतं. पण पुरावा नावाची वस्तू त्याआधीच मेली होती. हातातल्या फोनवर कुणीही कुणालाही हवं ते बोलायला लावू शकत होता, हवं तिथे हवी तेवढी माणसं मारू शकत होता. सरकारने शांत सरोवराची चित्रफीत दाखवली. पिठलंवाल्यांनी त्याच सरोवराकाठी जळणारे रणगाडे दाखवले. दोन्ही सारखीच खरी दिसायची. सीमाभाग बंद होता, पत्रकारांना मज्जाव होता, आणि जवान हिवाळ्यापर्यंत वरच राहणार होते. लढाई संपली तर माणसं घरी का येत नाहीत, असं पिठलंवाले विचारत. माघारीला वेळ लागतो, असं पुरणवाले सांगत. दोघांच्याही म्हणण्यात अर्थ होता आणि दोघांनाही त्याचा उपयोग नव्हता.

गोरख न्हावी अर्धी दाढी झाली की वस्तरा थांबवून विचारायचा, संपली की चालू? उत्तर पटलं नाही तर उरलेली अर्धी तशीच. मी पुरणवाला. पंधरा दिवस मी घरीच दाढी केली. ठोंबऱ्यांच्या पोरीचं जमलेलं लग्न मोडलं, कारण व्याह्यांनी साखरपुड्याला पुरणपोळी वाढली. त्या वर्षी गणपतीसुद्धा दोन बसले. पुरणवाल्यांनी दहाही दिवस एवढे फटाके फोडले की माझा एक कान अजून गातो.

वनमाला तांगडे पिठलंवाल्यांची म्होरकी, तिने कधी भाषण केलं नाही तरी. नवरा लवकर गेला, शेत बटाईने देऊन तिने दोन मुलं वाढवली. थोरली कल्याणी माझी विद्यार्थिनी. ती शिकून-सवरून धरणाकाठच्या पक्षी संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ झाली. धाकटा सुदर्शन फौजेत गेला. तो सातव्या सरोवरावर होता, चौदा हजार फुटांवर, जिथे सगळ्यात जास्त माणसं मेली होती.

आठवड्यातून एकदा फौजेच्या लाइनीवरून दोन मिनिटांचा फोन यायचा. गणपतीत मी त्यांच्याकडे आरतीला गेलो होतो, तेव्हा तो आला. कल्याणीने आवाज मोठा केला.

"माय, लढाई खरंच संपली," सुदर्शन म्हणाला. "आम्ही इथं गणपती बसवलेत. शाडू कुठून मिळणार, सुभेदारानं तळ्याच्या गाळाचे केले. ऐक, आवाज यायलाय का?" मागे ताट बडवल्यासारखं काहीतरी वाजत होतं.

वनमालाने त्याला विचारलं, लहानपणी विंचू कुणाला चावला होता? तो म्हणाला, आक्काला, आणि रडलो मी. उत्तर बरोबर होतं. पण ही गोष्ट कल्याणीने कधीतरी राखीच्या दिवशी फोटोखाली लिहून सगळ्या जगाला सांगितलेली होती, त्यामुळे वनमालाच्या लेखी ती यंत्रालाही ठाऊक होती. मग तो हसला, आणि वनमालाने फोन बंद केला.

"माझा सुद्या आसा हसत न्हाई," ती म्हणाली. "मराठी आईला गणपती सांगितला की ती विरघळती, येवढं त्या मशीनलाबी कळतं."

मी कल्याणीकडे पाहिलं. तिने भावाच्या बाजूने एक शब्द काढला नाही. आवाज हा पुरावा होऊ शकत नाही सर, असं ती मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली. मी तिला पुरावा म्हणजे काय ते आठवीत शिकवलं होतं, आणि फार चांगलं शिकवलं होतं.

आता दुसऱ्या एका यंत्राबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

कार्तिकात आमच्या धरणावर पट्टकादंब उतरतात. राखाडी अंगाचे, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले मोठे हंस. हिमालय ओलांडून येतात. उन्हाळाभर ते उत्तरेच्या त्या सरोवरांवरच असतात, सातव्यावरसुद्धा. पिल्लं झाली की त्यांची पंखातली मोठी पिसं एकदम गळतात. नवी येईपर्यंत महिनाभर त्यांना उडता येत नाही. वर तोफा चालोत की आरत्या, जिथे आहे तिथेच बसायचं. जवानांसारखंच.

पीस वाढत असतं तेव्हा त्याच्यात रक्त खेळत असतं. पक्षी जे पितो, जे खातो, ज्या हवेत श्वास घेतो, त्यातला कणकण त्या दिवशी वाढलेल्या पिसात जाऊन बसतो. दिवसाची वाढ आणि रात्रीची वाढ वेगळी, त्यामुळे पिसावर फिकट-गडद पट्ट्या उमटतात. उजेडात तिरपं धरलं तर नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. एक जोडी म्हणजे एक दिवस. वाढ पुरी झाली की रक्त सुकतं आणि आत जे असेल ते कायमचं बंद होतं. नंतर त्यात काही घालता येत नाही आणि त्यातून काही काढता येत नाही.

कल्याणीच्या केंद्रातलं यंत्र हे पीस वाचायचं. केसाहून बारीक लेझर पिसाच्या कण्यावरून सरकायचा, प्रत्येक पट्टी किंचित जाळायचा, आणि त्या धुरात कोणकोणते धातू किती आहेत ते मोजायचा. हंस कुठलं पाणी प्यायले हे शोधायला ते आणलेलं होतं. पण स्फोटकांच्या धुरातही धातू असतात: अँटिमनी, बेरियम, शिसं. ते तळ्यावर बसतात, शेवाळात जातात, हंसाच्या पोटात जातात. लढाईची साक्ष देणारी ही एकच वस्तू उरली होती, जी कुणाला फोनवर बनवता येत नव्हती.

कल्पना कल्याणीची. पहाटे जाळी लावायला मीही गेलो. हंस चावतो आणि जोरात चावतो, हे मला त्या वयात कळलं. उशिरा पिसं झडलेले, म्हणजे राखीपौर्णिमेनंतरही ज्यांची पिसं वाढत होती असे नऊ हंस मिळाले. प्रत्येकाचं एक पीस घेतलं, पायात कडी घातली आणि सोडून दिले.

आठवड्याने तिने मला केंद्रावर बोलावलं. पडद्यावर आलेख होता. डावीकडे उंचच उंच डोंगर, तो युद्धविरामाच्या आदल्या दिवशीचा मारा. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी असेल नसेल ते सगळं डागलं होतं, तारीख जगाला ठाऊक होती. तिथून पट्ट्या मोजत पुढे यायचं. डोंगरानंतर रेष खाली आली आणि सपाट झाली. मी म्हटलं, पाहिलंस, संपलंय. तिने बोट उजवीकडे सरकवलं. तीनेक आठवड्यांच्या शांततेनंतर रेष पुन्हा उसळली होती. एक सुळका, मग दुसरा, मग तिसरा, आणि शेवटचा सगळ्यात उंच. नऊही पिसांत तेच.

"हे बंदुकीचं नाही," ती म्हणाली. "लष्करी दारूगोळाच आहे, प्रमाणं तंतोतंत जुळतात. लढाई चालू आहे सर. आई बरोबर होती."

मी विचारलं, दुसरं काही असू शकेल का? वयाने आलेली खोड, आणखी काही नाही.

"चौदा हजार फुटांवर दुसरं काय फुटणार?" ती म्हणाली.

माझा गाणारा कान मला काही सुचवत होता असं मी आता म्हणू शकतो, पण ते खोटं होईल.

केंद्राच्या प्रमुखांनी तिला थांबायला सांगितलं. दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घेऊ, वसंतात जाहीर करू, घाई नको. शास्त्रात हे असंच असतं आणि असंच असायला हवं. पण त्या रात्री वनमालाने ताटावरून हात उचलला आणि लेकीला विचारलं, "तो तिथं मरायलाय आन तू इथं तपासत बसतीस?" कल्याणीच्याही मनात तेच होतं. तिचा हिशेब सरळ होता. लढाई चालू असल्याचं सिद्ध झालं तर लोक खवळतील, सरकारवर दबाव येईल, खोटा युद्धविराम जाऊन खरा येईल, आणि सुदर्शन घरी येईल. तिने दुसऱ्या दिवशी नऊही आलेख सगळ्यांसाठी खुले केले.

पहिले चार दिवस ती देवी होती. पिठलंवाल्यांनी हंसाचं चित्र झेंड्यावर घेतलं. राजधानीत मोर्चे निघाले, पोरं पांढऱ्या टोप्यांवर दोन काळे पट्टे काढून रस्त्यावर बसली. आमच्या गावात पुरणवाल्यांना तोंड दाखवायला जागा उरली नाही. गोरखने मला बोलावून फुकट दाढी करून दिली आणि पूर्ण वेळ एक अक्षर बोलला नाही. ती माझी सगळ्यात वाईट दाढी.

सरकारने आधी थट्टा केली. एक मंत्री म्हणाले, आता परराष्ट्र धोरण बदकं ठरवणार का? हंस आणि बदक यांतला फरक त्यांना कुणीतरी समजावला असावा, कारण आठवड्याने सूर बदलला. सरकार म्हणालं, होय, आमच्या शास्त्रज्ञ भगिनीचं म्हणणं खरं आहे. युद्धविरामानंतर सातव्या सरोवरावर स्फोट झाले. आम्ही तर एकही गोळी झाडलेली नाही. मग झाडली कुणी?

एवढा एकच प्रश्न. त्याला उत्तर द्यायची कुणाला गरज वाटली नाही. काल युद्ध संपल्याच्या पोळ्या खाणारे आज म्हणू लागले, दगा झाला. काल युद्ध चालू आहे म्हणणारे आज म्हणू लागले, मग आम्ही काय सांगत होतो? सावरखेडात चार महिन्यांत पहिल्यांदा दोन्ही बाजूंचं एकमत झालं. पौषात युद्धविराम रद्द झाल्याची घोषणा झाली, आणि ती करताना पडद्यावर कल्याणीचा आलेख होता.

त्याच दिवशी दुपारी सुदर्शन घरी आला.

त्याला शांततेच्या हिशेबाने रजा मिळालेली होती. तो वरून निघाला तेव्हा युद्ध संपलेलं होतं, आणि गाडी आमच्या स्टेशनात शिरली तेव्हा सुरू झालेलं होतं. मधल्या वाटेत त्याच्या फोनवर परत येण्याचा हुकूम येऊन पडला होता. तीन दिवसांनी निघायचं. दारात उभा राहून तो हसला. हसणं तेच, फोनवरचं. वनमालाने ते ऐकलं आणि उंबऱ्यातच बसली. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कानामागची जखमेची खूण चाचपली, आणि आत जाऊन डाळ शिजत घातली. रीतीने बघायचं तर लढाई चालू होती आणि माणूस परत जायचा होता. पण त्या घरात त्या दिवशी रीत सांगायला कोण धजणार?

संध्याकाळी मला जेवायला बोलावलं. टीव्हीवर तोच आलेख पुन्हापुन्हा दाखवत होते. सुदर्शन तिसरी पोळी खात होता. त्याने मान वर करून पाहिलं, बघत राहिला, आणि विचारलं की हे काय आहे. कल्याणीने सांगितलं. तिच्या आवाजात थोडा अभिमान होता, तो कुठल्या बहिणीला नसता. तो उठून खरकट्या हाताने पडद्याजवळ गेला.

"आक्का, ह्यो तर आमचा दीड दिवसाचा," तो म्हणाला.

कुणाला काही कळलं नाही. त्याने पहिल्या सुळक्यावर बोट ठेवलं. "अल्फा कंपनीचा दीड दिवसाचा. मग हा पाचाचा, हा आमच्या कंपनीचा, सातवा. आन हा अनंत चतुर्दशीचा, सगळ्या बटालियनचा. फटाके कुठून आणायचे? इशाऱ्याचे बाण, सरावाचे बॉम्ब, खाली न्यायचं होतं ते सगळं उडवलं. तळ्यात धूर नुसता. सुभेदार म्हणला, ज्यानं बाप्पा पोचवताना आवाज केला न्हाई तो मराठा न्हाई." तो हसत होता. "ते हंस बिचारे फडफडायचे, उडता येईना त्यांना. मी फोनवर सांगितलं नव्हतं का?"

मग त्याने आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि त्याचं हसू थांबलं. शहाणा पोरगा होता तो. टीव्हीवर खाली धावणारी बातमी त्याने वाचली, खिशातला फोन आठवला, आणि दोन्हींचा मेळ घातला.

दीड, पाच, सात, दहा. देशातल्या मोठमोठ्या तज्ज्ञांनी त्या सुळक्यांमधली अंतरं मोजून शत्रूच्या माऱ्याची पद्धत शोधली होती, त्यावर लेख लिहिले होते. ते तज्ज्ञ कुठकुठले होते, त्यांना माफ. पण आम्ही तिघं मराठी माणसं ती अंतरं महिनाभर बघत होतो. ज्या घरात दरवर्षी पाचव्या दिवशी गौरींबरोबर गणपती बोळवतात, त्या घरातल्या मुलीने ती अंतरं मोजली होती. आम्हाला ते दिसलं नाही, कारण आम्ही युद्ध शोधायला बसलो होतो.

कल्याणी उठली आणि ओट्याशी जाऊन उभी राहिली. वनमाला म्हणाली, जेव, पोळी गार व्हायली. कुणाला म्हणाली ते ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवसापासून कल्याणीने आपलंच म्हणणं खोडायला सुरुवात केली. दारूगोळा गणपतीला उडवला हे बाहेर आलं तर सुदर्शनवर आणि त्याच्या सुभेदारावर खटला भरला असता. तिने त्याला आधी विचारलं. तो म्हणाला, सांग. तुरुंगात माणूस जिवंत बसतो तरी.

तिने सांगितलं. जिथे जागा मिळेल तिथे सांगितलं, भावाला शेजारी उभं करून सांगितलं. पिठलंवाले म्हणाले, विकली गेली. पुरणवाले म्हणाले, आधी देशाची झोप मोडली, आता भाऊ वाचवायला देवाचं नाव पुढे करते. फौजेकडून एका ओळीचं उत्तर आलं की आमची पलटण एक बाणही वाया घालवत नाही. जे उडवलं ते शत्रूवर उडवलं. गंमत बघा, एकही गोळी झाडली नाही म्हणणारे आणि सगळं शत्रूवर उडवलं म्हणणारे एकाच टेबलावर बसलेले होते. पण तोवर विसंगतीची गंमत वाटणारी माणसं उरली नव्हती.

आणि आमच्या चौकात, सुदर्शन पानाच्या टपरीवर उभा असताना, एकाने विचारलं, हा खरा सुदर्शन कशावरून? सातवीत दोनदा नापास झालेला तोच. सगळे हसले नाहीत. काही जणांनी खरंच त्याच्याकडे निरखून पाहिलं.

कल्याणीला वाटलं, त्याचा केस यंत्राला द्यावा. केसही पिसासारखाच, दिवसांमागून दिवस वाढणारा. तो वर होता एवढं तरी सिद्ध होईल. पण जवानाचे केस बारीक कापलेले. श्रावण-भाद्रपद त्याच्या डोक्यावर शिल्लकच नव्हते, ते कुठल्यातरी तंबूबाहेर बर्फात पडले होते. तिसऱ्या दिवशी तो गेला. स्टेशनावर बहिणीला म्हणाला, "आक्का, तू मुद्दाम केलं न्हाईस." तिला चापट मारली असती तर बरं वाटलं असतं, असं ती मला नंतर म्हणाली.

या वेळचं युद्ध खरं होतं. त्यावर कुणाचं दुमत नव्हतं. श्रावणात सातव्या सरोवरावरच्या चौकीवर एक गोळा पडला. चौकी बर्फाच्या कड्यासकट तळ्यात गेली. सुदर्शनचं काही हाती लागलं नाही. दोन अधिकारी घरी आले, त्यांनी त्याची ट्रंक आणि घडी घातलेली वर्दी वनमालापुढे ठेवली, आणि मान खाली घालून उभे राहिले. तिने त्यांना चहा दिला. ते गेल्यावर वर्दी ट्रंकेत टाकून झाकण लावलं आणि म्हणाली, वर्दी काय, कुणीबी शिवतं.

तिने आरशाशेजारी ठेवलेला त्याचा फोटो तिथून हलवू दिला नाही, दहावा-तेरावा करू दिला नाही. दर आठवड्याला फोनच्या वेळेला पाटावर फोन ठेवून समोर बसायची. आधी आलेला खरा आवाज तिने खोटा ठरवला होता. आता न येणारा आवाज तिला खरा वाटत होता. अन्न सुटलं. उरली ती नुसती हाडं आणि डोळे.

दिवाळीनंतर युद्ध पुन्हा एकदा संपल्याचं जाहीर झालं. भाषण चालू असतानाच चौकात कुणीतरी म्हणालं, काही संपलेलं नाही. मी खिडकी लावून घेतली.

त्याच आठवड्यात हंस उतरले. फार थोडे. कल्याणीला गेल्या वर्षीच्या कडीचा एक सापडला, आणि त्याचीही पिसं उशिराच झडलेली होती. तिने माझ्याकडे येऊन सांगितलं की आईला पटवायला आता एकच साक्षीदार उरलाय. माणसाचं, वर्दीचं, फौजेचं ती मानत नाही. पिसाचं मानते, मागच्या वेळी मानलं होतं. मी म्हणालो, नको. ती म्हणाली, सर, ती उपाशी मरेल.

यंत्राने पीस वाचलं. त्या आठवड्यात तिकडे आलेल्या धुळीच्या वादळाची खूण धरून कल्याणीने भावाच्या दिवसाची पट्टी शोधून काढली. तिथे सुळका होता, बरोबर तिथेच. पण लहान. माणूस मारायला फार दारू लागत नाही. आनंदाला लागते. शेजारी गेल्या वर्षीची अनंत चतुर्दशी ठेवली तर हा सुळका तिच्या गुडघ्याला लागला असता. अर्थात तो जुना आलेख तिने शेजारी ठेवला नाही.

आम्ही दोघं संध्याकाळी घरी गेलो. कल्याणीने कागद आईच्या मांडीवर ठेवला आणि सगळं नीट, हळू, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. ही पट्टी म्हणजे तो दिवस. हा सुळका म्हणजे तो गोळा. हंस तिथंच होता माय, त्याला उडता येत नव्हतं, त्याने पाहिलं. वनमालाने ऐकून घेतलं. बोट त्या सुळक्यावरून वर नेलं, खाली आणलं.

"गेल्या सालचा कागद आण," ती म्हणाली.

कल्याणी हलली नाही. तो कागद आणावा लागला नाही. सगळ्या गावात होता, वनमालाच्या फडताळाला आतून चिकटवलेला होता, कल्याणी देवी असतानाच्या दिवसांतला. वनमाला उठली, फडताळ उघडलं, आणि दोन्ही कागद शेजारीशेजारी धरून बघत राहिली.

"ह्या साली येवढा मोठा आवाज झाला," ती जुन्या कागदावर बोट ठेवून म्हणाली, "आन तो हसत दारात उभा ऱ्हायला. मग येवढुशानं कसा मरंल?"

"तो गणपती होता, माय," कल्याणी म्हणाली. "तो गोळा नव्हता, गणपती होता."

"मग ह्यो बी गणपतीच आसंल," वनमाला म्हणाली. "दीड दिवसाचा."

कल्याणीने माझ्याकडे पाहिलं. शाळेत उत्तर अडलं की ती अशीच बघायची.

वनमालाच्या तोंडावर कित्येक महिन्यांनी रंग आला होता. लढाई संपल्याचं सांगितलं न्हाई का टीव्हीवर, असं ती म्हणाली, आणि पदर खोचून चुलीशी गेली. तिने हरभऱ्याची डाळ धुऊन शिजत घातली, चार माणसांची. मग डबा काढून माझ्यापुढे ठेवला आणि मला गूळ चिरायला बसवलं. मी चिरला.